शिंपल्याचा ठसा

“हा माझा दगड नाही,” चित्रा आगाशे म्हणाल्या आणि त्यांनी रुमालात गुंडाळलेला मुठीएवढा दगड टेबलावर ठेवला.

चिंचवडच्या त्या लहानशा ऑफिसात खासगी तपासनीस दीपमाला आणि तिचे मदतनीस, निवृत्त हवालदार लक्ष्मणराव, दोघंही पुढे वाकले. मातकट दगड, एका बाजूला पंख्यासारख्या रेघांचा पोकळ ठसा. दीपमालाने तो पालथा केला. मागे एक बारीक, चकचकीत रेघ होती.

“माझ्या दगडात अख्खा शिंपला होता. ब्रॅकिओपॉड म्हणतात त्याला. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्रातला जीव. आम्ही हौशी लोक असे दगड साफ न करताच एकमेकांशी बदलतो; आत काय निघेल ते ज्याचं त्याचं नशीब. हा भोसरीच्या प्रज्वलकडून घेतला. मी त्याला दिलेल्यातून काहीच निघालं नाही, आणि याच्यातून असा शिंपला निघाला की त्याचा चेहराच उतरला. शनिवारी तो आणि आमच्यातलीच विजयश्री पाहायला आले होते. रविवारी कपाटात हा!”

“मग?”

“प्रज्वलने चोरला, असं आमच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर लिहिलं. त्याला ग्रुपमधून काढलं.”

“पोरगं जळलं,” लक्ष्मणराव म्हणाले. “सोपी केस हाय, मॅडम.”

प्रज्वल वर्कशॉपात लेथवर होता. “जळलो ना, खोटं कशाला बोलू?” तो म्हणाला. “झोप लागली नाही मला. पण सौदा म्हणजे सौदा. त्या दिवशी मी हॉलमधून उठलोसुद्धा नाही.”

दापोडीत विजयश्रीनेही तेच सांगितलं. “मलाही तो दगड हवा होता, नाही कशाला म्हणू? पण चित्राताईंनी आमच्यासमोर तो कपाटात ठेवला. चहा घेतला आणि दोघं एकत्रच निघालो.”

“दोघं मिळालेले असणार,” लक्ष्मणराव पुटपुटले.

निगडीच्या बंगल्याचं दार चित्राताईंच्या नवऱ्याने, श्रीपादरावांनी उघडलं. दगडांचा नाद या घरात आधी त्यांचा. बायकोला शिकवलं त्यांनीच. हात थरथरायला लागले तशी दगड कोरून शिंपले मोकळे करायची त्यांची सुई सुटली आणि लोकांचे फोन चित्राताईंना येऊ लागले.

“प्रज्वलचं नाव ग्रुपवर टाक, असं मीच हिला म्हटलं,” ते म्हणाले. “पण तो शिंपला आता कुणालाच मिळायचा नाही.”

दीपमाला हात धुवायला मागच्या मोरीत गेली. काळ्या कडप्प्यावर पांढुरके डाग होते.

“रविवारपासून दिसताहेत,” चित्राताई म्हणाल्या. “घासले तरी जात नाहीत.”

“तुमचा दगड कधी तडकला होता?”

त्या ओशाळल्या. “शुक्रवारी. मागच्या बाजूने चीर गेली. गुपचूप चिकटवली. यांनाही सांगितलं नाही.”

दीपमालाने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि दगड पालथा ठेवला.

“ही ती चीर. दुसरा दगड आणून ठेवणाऱ्याला ती कळली कशी असती? ताई, तुम्ही रागात फक्त पुढची बाजू पाहिलीत. हा तुमचाच दगड आहे. चोरी झालेलीच नाही.”

“मग शिंपला?” लक्ष्मणराव गोंधळले.

“विरघळला. शिंपला चुन्याचा, भोवतीचा दगड मातीचा. ॲसिडने चुना गेला, ठसा उरला. कडप्पाही चुनखडीचाच, थेंब उडाले तिथे पांढरा पडला. पाहुणे मोरीकडे फिरकले नाहीत, म्हणजे हे घरातल्याच माणसाचं काम. नवख्याकडून दगड ॲसिडने साफ करताना हे चुकून झालं असतं. श्रीपादराव, तुम्ही नवखे नाही. सगळे दगड शोधत होते. शिंपला कुणालाच मिळायचा नाही, हे एकटे तुम्ही म्हणालात.”

श्रीपादरावांनी नाकारलं नाही.

“पूर्वी लोक माझ्याकडे यायचे,” ते म्हणाले. “शनिवारी माझ्यासमोर बसून दोघं हिला विचारत होते, ताई, कसं जमवलंत? मला विचारलं ते एवढंच, की साखर कुठे आहे.”

“मी त्यांना प्रत्येक वेळी तुमचंच नाव सांगायचे,” चित्राताई म्हणाल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. “आणि तुम्ही माझ्या तोंडून त्या पोराला चोर म्हणवलंत.”

त्यांनी प्रज्वलला फोन लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. “सांगा त्याला.”

श्रीपादरावांनी सांगितलं. काही लपवलं नाही. 

मग प्रज्वल म्हणाला, “सर, फोन ताईंना द्या.”

श्रीपादरावांनी तो दिला.