चौथ्याचा घोट

कुठल्या इमारतीत विजेच्या गाड्यांसाठी किती चार्जर लावायचे, कुठल्या खांबापाशी, वायर किती जाड, मुख्य खटक्याची पेटी कसली, हे सगळं कागदावर लिहून द्यायचं हे माझं काम. मी लिहिते, एल्बिओ बसवतो, आणि दोघांत शहाणं कोण यावरून आमचं अठरा वर्षं भांडण चालू आहे. मोन्तेविदेओत हल्ली जो तो विजेची गाडी घेतोय, त्यामुळे भांडायला तळघरांची कमतरता नाही.

ही हकिगत पोसितोसच्या किनाऱ्यावरच्या एका नव्या इमारतीची. तळघरात बारा गाड्यांची जागा होती. भिंतींना ओल्या सिमेंटचा वास यायचा आणि उतारावरून समुद्राचा खारा वारा थेट आत शिरायचा. नवव्या खांबाला कमरेच्या उंचीवर एक छोटा कट्टा होता. पहिल्या पाहणीला गेले तेव्हा त्या कट्ट्यावर ‘माते’ या आमच्याकडच्या कडू चहाचा तुंबा होता आणि शेजारी थर्मास.

त्यात नवल काहीच नव्हतं. कडू पाल्यावर गरम पाणी ओतायचं आणि नळीनं ओढायचं, हे आमच्याकडे प्रत्येक कामावर चालतं. तुंबा एकच असतो. एकजण ओततो, बाकीचे पाळीपाळीनं पितात. ‘आभारी आहे’ म्हटलं की तो माणूस पंगतीतून उठला असं धरतात. मग त्याला कुणी पुन्हा तुंबा देत नाही.

त्या दिवशी आम्ही तिघं होतो: मी, एल्बिओ आणि कामावरचा देखरेख्या विल्सन. उलट्या पिंपावर नकाशा पसरला होता, माते फिरत होता. मला मोजायची खोड आहे. तुंबा रिकामा झाला की नळी सुरसुरते, आणि माझी पाळी परत येईपर्यंत ते सुरसुरणं तीनदा ऐकू यायचं. एक एल्बिओचं, एक विल्सनचं, आणि आणखी एक. विल्सन हावरटासारखा दोनदा पितोय असं मी मनाशी म्हटलं.

वर आल्यावर मी त्याला विचारलं, “पाला कुठून आणलास रे? झकास कडू होता.”

“मी कुठं आणलाय? बाई, तुम्हीच तर ओतत होता.”

“माझ्या हातात पेन्सिल होती.”

आम्ही दोघांनी एल्बिओकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय? मला डॉक्टरनं बंद केलाय. मी चोरून पीत होतो. चोरून पिणारा ओतायला कशाला बसेल?”

आम्ही हसलो. विल्सन थर्मास आणायला खाली गेला आणि हात हलवत परत आला. कट्ट्यावर काहीच नव्हतं म्हणाला.

पुढचे चार महिने मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा माते तिथं होता. तळघरात अजून वीज नव्हती, चूल नव्हती, तरी पाणी नेमकं हवं तेवढं गरम. मी कामगारांकडे चौकशी केली, पहारेकऱ्याला विचारलं. प्रत्येकाला वाटत होतं की तो दुसऱ्याचा आहे. एल्बिओ म्हणायचा, “फुकट मिळतंय तर पी की, इंजिनियरबाई. देणाऱ्याचा चेहरा बघायचा हट्ट कशाला?”

ऑगस्टमध्ये चाचणीचा दिवस आला. सकाळीच पेटीपर्यंत वीज आणली होती. आता बारा चार्जर एकदम चालवून बघायचे. ज्यानं कागदावर सही केली त्यानंच मुख्य खटका ओढायचा, हा माझा नियम. चुकलं तर पहिला चटका मला बसावा. एल्बिओ आणि विल्सन उतारावर उभे होते. दुपारचे तीन वाजले होते.

कट्ट्यावरचा तुंबा मी संपवला, सवयीनं “आभारी आहे” पुटपुटले आणि पेटीकडे निघाले.

दोन पावलं गेले असेन. तुंबा माझ्या हातात होता. भरलेला, वर फेस.

आभार मानलेल्याला पुन्हा माते देणं हे आमच्याकडे वैरीसुद्धा करत नाही. मला रागच आला. पण भरला तुंबा टाकून जायचं माझ्या आईनं मला शिकवलेलं नाही. प्यायले, परत जाऊन ठेवला, जरा मोठ्यानं म्हटलं, “आभारी आहे.”

तो पुन्हा हातात आला. या वेळी देणारी बोटं माझ्या बोटांना लागली.

गरम होती.

मी उभी राहून सावकाश प्यायले.

नळी सुरसुरली आणि पेटी फुटली.

पेटीचं दार उडून समोरच्या भिंतीत रुतलं. मी जिथं उभी राहणार होते तिथून गेलं, छातीच्या उंचीवरून.

चूक माझीच होती. पेटीचं पान मी मागच्या इमारतीच्या कागदातून जसंच्या तसं उचललं होतं, आणि ती इमारत समुद्रापासून कोसभर आत. खाऱ्या ओलीनं चार महिन्यांत आतलं तांबं हिरवं झालं होतं. मी नवव्या खांबाला टेकून बसले. रडायलाच आलं. आणि अगदी पोटातून, रिकाम्या तळघराला ऐकू जाईल असं म्हटलं, “आभारी आहे. फार फार आभारी आहे.”

तोंडातून निघून गेल्यावर कळलं.

कट्ट्यावर ओलं वर्तुळ होतं. माझ्या डोळ्यांदेखत वाळलं.

त्यानंतर एकोणीस तळघरं झाली. आत शिरले की आधी कट्टे बघते. काही नसतं. तरी मला पश्चात्ताप नाही. ज्यानं जीव वाचवला त्याचे आभार मानायचे नाहीत, इतकी मी कोडगी नाही.

हे सगळं मला आता आठवतंय, कारण आता मी कारास्कोच्या एका तळघरात पेटीपुढे उभी आहे. पान नवं लिहिलंय, पेटी खाऱ्या हवेची घेतलीय, तिसऱ्यांदा तपासलीय. तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. हात खटक्यावर आहे.

एल्बिओ मिशा पुसत उतारावरून येतो.

“आज माते आणलास ते बरं केलंस. झकास कडू आहे.”

मी आणलेला नाही. “कुठाय?”

“काय विचारतेस? तूच ठेवलास ना, तिकडे पाण्याच्या टाकीवर. दोन प्यायलो.”

“आभार मानलेस?”

“वेडा आहे का मी? डॉक्टर बघत नाही तोवर आणखी पिणार.”

माझ्या छातीवरचं ओझं उतरतं. त्याला कुणीतरी सांभाळतंय. खरंच, किती बरं वाटतं.

“जा,” मी म्हणते. “आणखी पी. सावकाश पी.”

“आणि तू?”

“माझे आभार मानून झालेत.”

तो खांदे उडवून टाकीकडे चालू लागतो. माझ्या हाताखाली, बंद पेटीच्या आत, शेवटच्या घोटाची नळी सुरसुरते.