सुभद्राबाईंनी पाहून ठेवलेले घर

हे नारायणा, सागरावर निजणाऱ्या देवा, आधी तुझ्या चरणी मस्तक ठेवतो. सांगायची गोष्ट समुद्राकाठची आहे आणि दुःखाची आहे. ती खरेपणाने सांगण्याचे बळ दे.

मॉरिशसमध्ये नाताळच्या सुट्टीसाठी किनाऱ्यावर भाड्याचे घर हवे असेल, तर ते नोव्हेंबर लागताच पाहून ठेवावे लागते. वाक्वा गावच्या रघुनाथ भिवाजींच्या कुटुंबात हे काम त्यांच्या पत्नीचे, सुभद्राबाईंचे. त्या प्रत्येक पलंगावर बसून पाहत, नळ सोडून पाहत, फ्रिज उघडून हुंगत, आणि दारापुढचे पाणी नातवंडांना झेपेल का, हे स्वतः गुडघाभर उतरून अजमावत. नऊ वर्षे त्यांनी घर निवडले आणि नऊही वर्षे ते सोडून द्यावे लागले. कधी माँट्रियालच्या हेमराजला रजा मिळेना, कधी लियाँच्या प्रेमदत्तकडे बाळंतपण. आपली तिन्ही मुले एका छपराखाली झोपलेली पाहावी, एवढेच त्या माउलीचे देवापाशी मागणे होते. श्रावणात त्या गेल्या. एक मुलगा दहाव्याला पोहोचला, दुसरा तेराव्याला. दोघा भावांची गाठ पडली ती विमानतळावर, एक येताना आणि एक जाताना.

या वर्षी मात्र दोघांनीही तिकिटे काढली होती.

म्हणून एका शनिवारी दुपारी रघुनाथराव मुलीबरोबर, सुलोचनेबरोबर, घर पाहायला निघाले. निघताना रघुनाथरावांच्या बहिणीने टोमणा मारलाच, “वर्षश्राद्ध व्हायचंय, आणि दादा चालले समुद्रावर.” पत्नीचे मागणे या वर्षी तरी पुरे करायचे, याखेरीज त्यांच्या मनात दुसरे काही नव्हते.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुलमोहर पेटल्यासारखे फुलले होते. गाडी चालवता चालवता सुलोचना म्हणाली, “बाबा, घर पारखता येतं का तुम्हाला? जन्मात कधी बाजारातून धड वांगी आणली नाहीत.”

“तिचं बघून शिकलोय थोडं.”

“काय शिकलात?”

“पलंगावर बसायचं.”

सुलोचना हसली, आणि ते हसू मध्येच कुठेतरी अडकले.

पहिले घर दुमजली होते. तिथल्या राखणदाराने त्यांना फाटकापाशीच थांबवले. “तुमच्या बाई काल येऊन गेल्या की. जिना बघितला आणि म्हणाल्या, यांचे गुडघे टिकायचे नाहीत. नको म्हणाल्या.”

“कुठल्या बाई?” सुलोचनेने विचारले.

“आता नाव कोण विचारतं? वयस्कर होत्या. अनवाणी आल्या होत्या. वाळू एवढी तापलेली, मी चपला देऊ केल्या, तर म्हणाल्या, भाजत नाही मला.”

“दुसरंच कुणी असेल, बाबा,” गाडीत बसताना सुलोचना म्हणाली. रघुनाथरावांनी मान डोलावली. पण त्यांचा हात गुडघ्यावर होता.

दुसरे घर ला गोलेत गावाच्या पुढे, सुरूच्या बनात होते. बैठे, पांढरे, रुंद ओसरीचे. वारा पडलेला होता, तरी सुरूंच्या शेंड्यांतून कोणी दीर्घ श्वास सोडावा तसा आवाज येत होता. सोलांज नावाची म्हातारी राखणदारीण ओसरीवर मासे साफ करीत बसली होती.

“या, मिस्ये. उशीर केलात. बाई तुम्हाला सुस्त म्हणाल्या, ते काही खोटं नाही.” हात पुसत ती उठली. “खोल्या लावून झाल्यात. ही मावळतीकडची हेमराजची नाही, हं. त्याच्या बायकोचं उन्हानं डोकं धरतं. ती प्रेमदत्तला. आणि सुलू पहाटे उठते, तिला स्वयंपाकघराशेजारी.”

सुलोचनेच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “ही नावं… तुम्हाला कुणी सांगितली?”

“त्यांनीच. अजून कोण सांगणार?”

रघुनाथराव एकेका खोलीतून फिरले. पलंगावरच्या चादरी ताणून घातलेल्या होत्या आणि कोपरे दुमडून आत खोचलेले होते. तशी घडी त्यांनी बेचाळीस वर्षे एकाच हाताची पाहिली होती. शेवटच्या खोलीचे दार बंद होते. दारापाशी मेथ्या घालून कढवलेल्या तेलाचा, सुभद्राबाईंच्या केसांचा वास रेंगाळत होता.

“ही तुम्हा दोघांची,” सोलांज म्हणाली. “ही मी उघडायची नाही. तुम्ही आलात की त्या आतून उघडणार आहेत.”

“त्या… गेल्या कुठे?” सुलोचनेचा आवाज जेमतेम ऐकू आला.

सोलांजने नवलाने पाहिले. “जातील कुठे? आतच आहेत. सकाळपासून.”

आणि त्या भर दुपारी, बंद दाराआड, कोणीतरी गादीवर तळहाताने थोपटले. एकदा. पुन्हा एकदा. चादर सारखी केल्यासारखे.

“बाबा, चला. हे घर नको…”

“थांब, सुलू.”

त्यांनी दारावर तळवा टेकला. आतले थोपटणे थांबले.

“अगं… ऐकतेस ना? गेल्या वर्षी दोघंही यायला तयार होते. मीच फोन करून सांगितलं, तुमच्या आईला बरं नाही, पुढच्या वर्षी या. तुला काही झालं नव्हतं. मला गोंगाट नको होता, एवढंच. तू नातवंडांसाठी उतरवलेल्या लिच्या पाच दिवस टोपलीत ठेवल्यास… मी बघत होतो. बोललो नाही.”

सुलोचनेने तोंडावर पदर घेतला. हे तिला ठाऊक नव्हते. आतली कडी सरकू लागली. सावकाश, गंजलेल्या लोखंडावरून कुरकुरत.

रघुनाथराव मागे सरले नाहीत. क्षणभर तर त्यांचा तळवा दार लोटायलाच निघाला होता. मग त्यांनी तो आवरला. “आत्ता नको गं,” ते हळूच म्हणाले. “मी येतो. नाही म्हणत नाही. पण पोरं येऊन जाऊ देत. दहा दिवस त्यांना एकत्र हसू दे, भांडू दे… तू इथूनच ऐक. ती आपापल्या घरी सुखरूप पोहोचली की मग उघड. मी दाराशीच असेन.”

कडी थांबली. सुरूंचा आवाजही थांबला. सुलोचनेने लहानपणी धरायची तशी वडिलांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली होती.

बऱ्याच वेळाने कडी मागे सरकू लागली. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग सोलांजला म्हणाले, “घर आमचं ठरलं.”

बाप-लेक ओसरी उतरून गाडीपर्यंत आली. दोघांनीही कान देऊन ऐकले होते, आणि दोघांनाही ते कळले होते. कडी मागे सरकली होती खरी, पण अर्ध्यावरच थांबली होती.

श्रोतेहो, तो दयाघन तुमच्या घरांवर कृपा करो. तुम्ही वाट पाहत असाल, तोवरच तुमची लेकरे तुमच्या उंबऱ्यात पोहोचोत, आणि ज्यांचे दार कायमचे मिटले आहे, त्यांना त्याच्या पायांशी विसावा मिळो.