काठोकाठ भरलेला प्याला

सकाळी साडेआठ वाजता झैनेप अपा फॉर्मवर बसली, आणि दुपारचे बारा वाजून गेले तरी उठली नव्हती!

बसली म्हणजे रुसून बसली असं नव्हे, अक्षरशः बसली. भिंतीलगतची तिची जाड रजई तिनं उचलली, खाली तो फॉर्म आणि अकमारलचा जन्मदाखला सारला, रजई सारखी केली, आणि तीस वर्षं दूध संकलन केंद्र चालवताना ज्या देहापुढून भले भले अध्यक्ष पाय न वाजवता परतले होते, तो देह तिनं त्यावर स्थापन केला. न्याहारी तिथंच झाली. रक्तदाबाची गोळी तिथंच गिळली गेली. शेजारीण मीठ मागायला आली, तिनं विचारलं, "गुडघे धरले का गं अपा?"

"धरले नाहीत. मी कागद राखतेय."

शेजारीण मीठ न घेताच गेली. असली बातमी हाती लागल्यावर मीठ कोणाला हवंय!

फॉर्म शहरातल्या निवासी शाळेच्या निवड परीक्षेचा होता. असामान्य बुद्धीच्या मुलांची शाळा ती; गावातून आजवर तिथं कोणी गेलं नव्हतं, आणि शिक्का मारलेला फॉर्म जिल्ह्यातून एकच आला होता. पाच वाजता मुदत संपणार होती. तीनला निघालं तरच मोटारसायकल वेळेत पोचेल, असा हिशेब करून गणिताचे झुमाबेक सर फाटकाबाहेर गाडीवर बसून राहिले होते. आत यायचं धाडस त्यांना नव्हतं. लहानपणी सफरचंदं चोरताना अपानं त्यांना ज्या चाबकानं झोडपलं, तो अजून दाराशी लटकत होता.

आणि चहाच्या पाण्याच्या तोटीवाल्या समोवारापाशी, गुडघे मुडपून, डोक्याचा रुमाल कपाळापर्यंत ओढून, सून रौशन सकाळपासून सासूला चहा देत होती...

थोडा थोडा. प्याल्याच्या तळाला दोन घोट, वर साय. आपल्याकडे घरच्या वडीलधाऱ्याला प्याला भरून देत नाहीत. घोटभर द्यायचा, तो रिकामा होऊन परत आला की पुन्हा घोटभर. म्हणजे, बसा, तुमच्यासाठी पुन्हा पुन्हा उठण्यातच आमचं सुख आहे! भरला प्याला पुढं केला तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो : प्या आणि चालू लागा. तेरा वर्षांत रौशनच्या हातून प्याला कधी अर्ध्याच्या वर गेला नव्हता. गावात तिच्या चहाचं कौतुक होतं. रौशनचं होतं की नाही, हे कोणी विचारलं नव्हतं.

"साय जाड झाली," अपा म्हणाली.

"बदलते, अपा."

"राहू दे. माझं काय आता! पोरगी निघाली म्हटल्यावर सायच खायची मी."

त्या 'पोरगी' शब्दासरशी रौशनच्या काळजात ती जुनी कळ उठली... रोजची, ओळखीची, तरीही प्रत्येक वेळी नवी!

अकमारल रौशनची पहिली लेक. विसाव्या वर्षी ती आई झाली, आणि चाळिसाव्या दिवशी, रीतीप्रमाणे, तिचं पहिलं मूल सासूनं आपल्या पदरात घेतलं. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं. ते त्यांचंच मूल म्हणून वाढायचं. त्यात दुष्टावा नव्हता; तीन गावांत असंच होत आलं होतं. दूध पाजायला रौशनला बोलावलं जाई, पाजून झालं की मूल परत. संकलन केंद्रात गाईचं मत कधी कोणी विचारलं नव्हतं. तीच शिस्त अपानं घरी आणली. मूल बोलू लागलं. अपाला 'आई' म्हणू लागलं, स्वतःच्या बापाला 'दादा', आणि रौशनला... 'वहिनी'.

वहिनी, वेणी घाल ना. वहिनी, पाव दे. बारा वर्षं! पुढं झालेले मिरास आणि ओल्झास दिवसातून शंभर वेळा 'आई' म्हणत आणि ती शंभर वेळा 'ओ' देई; पण एखाद्या संध्याकाळी भिंतीपलीकडून अकमारल 'आई गं' अशी हाक मारी, तेव्हा हातातलं पीठ हातातच राही, आणि पलीकडून अपाचा जाडाभरडा 'काय गं माझ्या कोकरा?' ऐकू येई...

रौशन स्वतः हुशार नव्हती. नम्रपणानं म्हणत नाही, खरंच नव्हती. पण कणीक मळताना पाटावर सांडलेल्या पिठात ही पोर बोटानं आकडे मांडी, पुसे, पुन्हा मांडी, आणि अशा वेळी तिच्या चेहऱ्यावर जे उजळून येई, ते रौशननं पाहिलं होतं. त्यातलं एक अक्षर तिला कळलं नव्हतं. पिठाचा तो पाट मात्र तिनं कित्येकदा न पुसताच ठेवून दिला होता.

"अपा," ती आता म्हणाली, "एक वाजत आला. सर थांबलेत."

"थांबू दे. उन्हात बसलाय, चांगलं आहे. त्याच्या अंगात लहानपणापासून गारठा."

"नुसती परीक्षा आहे. द्यायला काय हरकत?"

"परीक्षेला हरकत नाही, ती पास होईल याला हरकत आहे!" अपानं प्याला आपटला. "तो खालच्या आळीतला गेला ना शहरात शिकायला? परत आला तर मला म्हणतो, आजी, मी मांस खात नाही. मानाचं म्हणून मेंढीचं डोकं पुढं ठेवलं, तर तोंड फिरवलं! बाप तीन दिवस घराबाहेर पडला नाही. हुशार आहे म्हणे! मग गावात हुशारी चालत नाही? मला चष्म्यानंही दिसेनासं झालंय, पेपर कोण वाचून दाखवणार? रात्री पाय कोण चेपणार? असामान्य मुलांची शाळा म्हणे! आणि सामान्य म्हाताऱ्यांची सोय काय केलीय सरकारनं?"

"कुआतशी बोलू का?" रौशननं विचारलं.

"बोल की. गाडीखाली आहे."

रौशनचा नवरा कुआत सकाळपासून गाडीखाली होता. गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

मग अपा पुढं वाकली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. रौशनला तिच्या ओरडण्याची सवय होती; या मऊपणानं तिच्या अंगावर काटा आला.

"हे बघ पोरी. मी काही आंधळी नाही. बारा वर्षं तुझे डोळे मी बघतेय. ती मला हाक मारते तेव्हा तू खिडकीतून बाहेर बघतेस. खिडकीबाहेर काय आहे? शेणाचा ढीग. आज ती शाळेतून आली की मी तिला सांगते, ही तुझी आई. माझ्या तोंडानं सांगते, सगळ्यांदेखत. आजपासून तुला आई म्हणेल ती. रात्री तुझ्या कुशीत झोपेल. मी आजी. बस्स! फक्त... हा कागद चुलीत जाऊ दे. घरातून हलवू नकोस तिला. माझ्या डोळ्यांसमोर राहू दे."

समोवार खदखदत होता. रौशनला वाटलं, आवाज आपल्याच छातीतून येतोय.

आई...! ज्या एका शब्दासाठी तिनं बारा वर्षं उशी ओली केली, तो शब्द म्हातारीनं ताटात वाढून पुढं ठेवला होता. हात पुढं केला की झालं! तिच्या डोळ्यांपुढं अकमारलचं डोकं आलं, आपल्या दंडावर टेकलेलं... आणि मग पिठात आकडे मांडणारं ते बोट आलं.

"नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"नको मला ते. जन्मभर वहिनी म्हणू दे मला. पण ती जाईल."

"माझ्यापुढं उलट बोलतेस?"

"हो अपा, बोलतेय. एकदा मूल दिलं तुम्हाला. रीत होती, मान खाली घालून दिलं, एक शब्द काढला नाही. आज मी तिला परत मागत नाहीये. पण तुम्ही तिला रजईखाली घालून वर बसाल, ते मी चालू देणार नाही! ती कोणाची, हे आपण दोघी मरेपर्यंत भांडू. पण तिची बुद्धी तुमचीही नाही न् माझीही नाही. ती तिची आहे!"

असं म्हणून रौशननं अपाचा रिकामा प्याला घेतला. तोटी फिरवली. चहा तळाला आला, अर्ध्यावर आला... तिचा हात थांबला नाही. चहा काठाशी आला, काठावर फुगून थरथरत उभा राहिला. साय घालायला जागाच उरली नाही. दोन्ही हातांत प्याला धरून, एक थेंबही न सांडता, तिनं तो सासूपुढं ठेवला.

अपानं प्याल्याकडं पाहिलं. मग सुनेकडं. मग पुन्हा प्याल्याकडं.

"मला...? माझ्याच घरात... मला?"

आणि झैनेप अपा उठली!

संतापानं उठली, भिंतीला धरून उठली, पण साडेचार तासांनी पहिल्यांदा रजई मोकळी झाली. रौशननं ती उचलली. फॉर्म उबदार होता. दाखल्याला घडी पडली होती, पण 'माता' या शब्दापुढचं तिचं नाव शाबूत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते नाव कुठंतरी कामाला येणार होतं. खिडकीतलं पेन घेऊन तिनं खिडकीच्याच कट्ट्यावर सही केली.

"कर, कर सही!" अपा कडाडली. "पण विचार तिला! विचार, ती आई कोणाला म्हणते!"

"तुला म्हणते," दारातून आवाज आला.

अकमारल दप्तर पाठीला लावून उंबऱ्यात उभी होती. बूट चिखलानं भरलेले. कधीपासून उभी होती, कोण जाणे.

"ऐकलंस?" अपा विजयानं रौशनला म्हणाली.

"पण वहिनी माझी आई आहे, हे मला माहितीये," मुलगी शांतपणे म्हणाली. "दुसरीत असतानाच कळलं. मी झाले तेव्हा तू छप्पन्न वर्षांची होतीस. हे काही अवघड गणित नाही."

अंगणात गाडीखाली पाना पडलेला ऐकू आला.

"मग... कधी बोलली नाहीस?" रौशनच्या तोंडून कसंबसं निघालं.

"वहिनी, तुला मिरास आणि ओल्झास आई म्हणतात. दोघं झाले. हिला म्हणायला मी एकटीच आहे. दादा अपा म्हणतो, गाव अपा म्हणतं. मी पण तुला म्हणाले असते, तर तुझे तीन झाले असते आणि हिच्याकडं शून्य." तिनं नाक पुसलं. "ते बरोबर झालं नसतं."

रौशननं तोंडावर रुमाल दाबला. बारा वर्षांचे अश्रू... आणि हे लेकरू पाच वर्षं एकटंच हा हिशेब मनात घेऊन हिंडत होतं! आपण त्याग केला, आपण सोसलं, असं ती समजत होती. या चिमुरडीनं तर न बोलता स्वतःला दोघींत वाटून टाकलं होतं!

"आणि मला जायचंय," अकमारल अपाकडं वळून म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "आई, मला जायचंय गं. वर्गात मी छताच्या फळ्या मोजते. चौऱ्याहत्तर आहेत. रोज तेवढ्याच निघतात."

अपा बसली. या खेपेला कशावरही नाही, नुसती जमिनीवर बसली. तिच्या सुरकुतल्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"झुमाबेक!" ती एकाएकी खिडकीकडं तोंड करून ओरडली. "मेल्या, तीनच्या आत निघायचंय ना, बाहेर काय अंडी घालतोयस? आत ये आणि कागद घेऊन जा! सांडलास वाटेत, तर चाबूक अजून दाराशीच आहे!"

अकमारलची निवड झाली. त्यानंतर उन्हाळाभर अपानं गावात सांगितलं, की पोरीची बुद्धी तिनंच पहिल्यांदा ओळखली, कारण दूध संकलनात आकडेमोड तिच्या रक्तातच होती. आणि फॉर्मही तीच जिवापाड जपत होती, अक्षरशः कोणाला हात लावू दिला नाही. यातला शेवटचा भाग खरा असल्यामुळं कोणी काही बोललं नाही. रौशनशी मात्र ती जेवढ्यास तेवढंच बोले. भरला प्याला विसरणारी बाई नव्हती ती.

ऑगस्टअखेरीच्या त्या सकाळी ट्रंक दाराशी आली. रौशन कणकेचे तळलेले गोळे, बउर्साक, परातीत घेऊन आत गेली, आणि थबकली. समोवारापाशी, तिच्या जागेवर, अपा बसली होती.

"अपा, मी देते ना चहा..."

"बस तिथं." अपानं रजईकडं बोट केलं. त्याच रजईकडं.

"अहो, ती तुमची जागा..."

"बस म्हटलं ना! एकदा उठवलंस मला, आता बसवतेय तर बस!"

रौशन अंग चोरून बसली. म्हातारीनं प्याला घेतला, डोळ्यांजवळ नेऊन नीट न्याहाळला, आणि तोटी फिरवली. दोन घोट. वर साय. मग दोन्ही हातांनी तो नातीपुढं केला.

"धर," ती म्हणाली. "तुझ्या आईला दे."

अकमारलनं प्याला घेतला. चार पावलांचं अंतर ती फार सावकाश चालून आली, आणि रौशनपुढं गुडघे टेकून म्हणाली, "घे... आई."

तिकडं अपानं तोंड फिरवलं, खिडकीतून शेणाच्या ढिगाकडं बघत राहिली.

रौशननं दोन घोटांत प्याला रिकामा केला आणि परत पाठवला. तो पुन्हा आला, तळाशी घोटभर. पुन्हा गेला. पुन्हा आला. बाहेर बसचा भोंगा वाजला, कुआतनं हाक मारली, मिरास-ओल्झास ट्रंकेवर चढून भांडू लागले. तरी तो प्याला तिघींमधून फिरतच होता. असे किती झाले, हे कोणीच मोजलं नाही. अकमारलनंसुद्धा नाही.