पाण्याला गेलेल्याची जागा

ही हकीकत ज्यांच्या बाबतीत घडली, ती तिन्ही माणसं आजही भिंगारमध्येच राहतात. तिच्यात पदरचं काही घातलेलं नाही. उलट, जे सांगताना भारती भिंगारदिवे मधेच थांबल्या, ते इथेही गाळलं आहे.

आणि ती वेळ रात्रीची नव्हती.

गुरुवार, २९ एप्रिल १९९९. दुपारचे बारा नुकतेच वाजून गेले होते.

नगरला लागून असलेल्या भिंगारच्या जुन्या बाजारात एका कापड दुकानाच्या माडीवर हेमचंद्र सरांचं दोन खोल्यांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. भारती तेव्हा बावीस वर्षांची. पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडलेली, तीन महिन्यांच्या बोलीवर कामाला लागलेली. हातातलं काम वेळेत आणि नीट झालं तर नोकरी कायम, नाहीतर मेपासून घरी, असं सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरात तिच्यामागे दोन भावंडं शिकत होती.

काम होतं गावाबाहेरच्या एका वसतिगृहाच्या वेबसाइटचं. वसतिगृहाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि शनिवारी, एक मे रोजी सकाळी, ती साइट मोठ्या पडद्यावर उघडली जायची होती. दर वर्षीच्या मुलांचं एक पान. पानावर त्यांचे फोटो, एका ओळीत. भारतीने सगळ्या पानांसाठी एकच साचा बांधला होता आणि मांडणीचे नियम एकाच स्टाइल शीटमध्ये लिहिले होते. त्यामुळे वर्ष बदललं तरी फक्त चेहरे बदलत. फोटोंमधलं अंतर कुठेच बदलत नसे.

१९७२ चं पान तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यात तिचे वडील होते.

सात मुलं. सात फोटो. प्रत्येक फोटो पडद्यावरचे ऐंशी ठिपके, म्हणजे पिक्सेल, रुंद. तिसरा फोटो बन्सी भिंगारदिवे, वय सतरा. चौथा श्रीमंत नावाचा काष्टी गावचा मुलगा. तिने पान उघडलं...

तिसऱ्या आणि चौथ्या फोटोच्या मधे फट होती.

ती वैतागली, पण घाबरली नाही. नको तिथे फट पडणं हे या धंद्यातलं रोजचं दुखणं. तक्त्याचा कप्पा बंद करणारी खूण फोटोला चिकटून न लिहिता खालच्या ओळीवर गेली, की ब्राउझर तेवढ्यावरून मोकळी जागा दाखवतो. भारतीने सगळ्या खुणा चिकटवल्या. स्टाइल शीटमधले समास शून्य केले. पान पुन्हा उघडलं.

फट तिथेच.

तिने ती मोजली. बरोबर ऐंशी ठिपके. एकही कमी नाही, जास्त नाही.

मग तिने दुसरा ब्राउझर उघडला. त्या काळी दोन ब्राउझर एकच पान कधी सारखं दाखवत नसत. एकात नीट बसलेलं दुसऱ्यात विस्कटायचं, आणि त्यांची समजूत घालण्यातच अर्धा दिवस जायचा. त्या दुपारी मात्र...

दोघांचंही एकमत होतं.

१९७१ चं पान तिने उघडून पाहिलं. नीट होतं. ७३ चंही नीट. तोच साचा, तेच नियम. शेवटी तिने ७१ च्या पानाची प्रत काढली आणि तिच्यात बहात्तरचे चेहरे एकेक करून बसवले. एक, दोन, तीन. तिसरा तिच्या वडिलांचा. मग चौथा.

चौथा फोटो तिसऱ्याला लागून बसलाच नाही.

हेमचंद्र सर मागे येऊन उभे राहिले होते. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "भारती, मधे एवढी जागा कशाला सोडलीस? ट्रक वळवायचाय?" उद्या दुपारपर्यंत ही फट गेली नाही तर आपलं दोघांचं हसं होईल, असंही ते शांतपणे सांगून जेवायला गेले.

ते जिना उतरतात न उतरतात तोच वीज गेली. पंखा थांबला. खालच्या दुकानातला रेडिओ थांबला. यूपीएसचा बारीक आवाज तेवढा चालू राहिला आणि मग तोही...

त्या शांततेत तिच्या पाठीमागे, शहाबादी फरशीवर, कोणीतरी भरलेली कळशी खाली ठेवली.

ठण्ण.

तिने वळून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. दार आतून लावलेलं नव्हतं, पण जिन्यावर पाऊलही वाजलं नव्हतं.

वीज आल्यावर तिने पान छापून घेतलं. आपल्या नजरेचा दोष आहे का, हे कोणालातरी दाखवून खात्री करायची होती. प्रिंटरमधून कागद कोरडा आला. हातात धरल्यावर मात्र...

फटीची जागा तेवढी गार लागली. चौकोनी. ओली.

त्या संध्याकाळी बन्सी लष्करी डेपोतली ड्यूटी संपवून घरी आला तेव्हा भारतीची आई भागिरथी दुसऱ्या दिवशीच्या बुद्धपौर्णिमेच्या खिरीसाठी तांदूळ निवडत बसली होती. भारतीने कागद वडिलांसमोर ठेवला. आपला तरुण चेहरा पाहून ते हसतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. ओल्या चौकोनावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं.

मग पहिल्यांदाच त्यांनी ते सांगितलं. भागिरथीनेही ते कधी ऐकलेलं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ. वसतिगृहामागे, शेताच्या पलीकडे एकच विहीर होती आणि तिचं पाणी तळाला गेलेलं. मुलांच्या पाळ्या लावल्या होत्या. पंगतीत जसे बसत, त्याच क्रमाने. आणि एक रिवाज होता. जेवणाच्या वेळी जो पाण्याला गेला असेल, त्याची पंगतीतली जागा तशीच ठेवायची. तो परत येईपर्यंत कोणीही सरकून ती भरायची नाही. ताट मांडलेलं, माणूस नाही, असं ते दिसायचं.

त्या दिवशी पाळी बन्सीची होती. परीक्षा तोंडावर होती, म्हणून त्याने अंगात ताप असल्याचं सांगितलं. शेजारी बसणारा भीमा त्याच्या जागी कळशी घेऊन गेला. विहिरीचा काठ ढासळलेला होता.

पंगत उठली. भीमाचं ताट तसंच राहिलं.

"तिसऱ्या दिशी गुरुजी म्हनले, पोरांनो, सरका आता," बन्सी म्हणाला. "कोनीच हालंना. सगळ्यात आधी मी सरकलो."

भागिरथीच्या हातातलं सूप थांबलं होतं.

भारतीने विचारलं, आता काय करू. ती जागा तशीच ठेव, म्हणावं असं त्यांच्या ओठांवर आलं असावं. पण लेकीची नोकरी त्या फटीवर टांगलेली आहे, हेही ते जाणून होते. ते म्हणाले, "काढू नको. त्याला बसव तितं."

शुक्रवारी सुट्टी असूनही भारती सेंटरवर गेली. भीमाचा फोटो कुठेच नव्हता. तिने ऐंशी ठिपके रुंदीचा एक कोरा चौकोन केला, त्याखाली त्याचं नाव लिहिलं आणि तो वडिलांच्या आणि श्रीमंतांच्या मधे बसवला. आता आठ झाले. पान उघडलं.

फट गेली होती.

आठही चौकोन एकमेकांना लागून, ओळ कशी दोरी धरल्यासारखी. हेमचंद्र सरांनी मान डोलावली, मे महिन्यापासून तुला पगारपत्रकावर घेतो म्हणाले आणि चहा सांगायला खाली गेले. भारतीने शेवटचं म्हणून पान एकदा पुन्हा उघडलं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजत होते.

तिसरी जागा रिकामी होती.

भीमाचं नाव होतं. श्रीमंत होते. तिच्या वडिलांचा चेहरा तेवढा नव्हता. फोटोची फाइल डिस्कवर शाबूत होती, वेगळी उघडली की दिसत होती. पानावर मात्र ऐंशी ठिपक्यांची फट. आणि पाठीमागे पुन्हा तो आवाज... पण या वेळी कळशी खाली ठेवल्याचा नव्हता.

रिकामी कळशी उचलल्याचा होता.

आपली लूना कशी चालू झाली, आपण कोणत्या रस्त्याने घरी पोचलो, हे भारतीला आजही सांगता येत नाही. भागिरथी दारातच उभी होती.

"बाबा कुठेत?"

"आत्ताच गेले की. पाण्याला."

"नळाला पाणी नाही?"

"हाय ना. मी तेच म्हनले. तर म्हनले, पाळी माझी हाय." भागिरथी नवऱ्याची चेष्टा करत हसत होती. लेकीचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू थांबलं.

वसतिगृहामागची ती विहीर केव्हाच बुजवलेली आहे. दगडमातीने काठोकाठ भरून वर बाभळी उगवल्या आहेत. आईला लूनावर मागे बसवून भारती तिथे पोचली तेव्हा बन्सी विहिरीच्या कठड्यावर बसलेला होता. कपडे कोरडे होते. दोन्ही तळहातांवर मात्र दोर ओढल्यासारखे लाल वळ उठले होते, आणि शेजारी एक कळशी होती...

काठोकाठ भरलेली.

"झाली माझी पाळी," एवढंच तो म्हणाला. नंतर त्याबद्दल तो कधीही बोलला नाही.

घरातून तो स्टीलची कळशी घेऊन गेला होता. ती पुन्हा सापडली नाही. त्याच्या शेजारी होती ती पितळेची होती, जुनी, एका बाजूने चेपलेली. तिच्यातलं पाणी भागिरथीने त्याच बाभळींना घातलं. कळशी घरात घ्यायला ती तयार झाली नाही.

भारती पुन्हा सेंटरवर गेली तेव्हा पानावर आठही जण आपापल्या जागी होते.

शनिवारी सकाळी साइट मोठ्या पडद्यावर उघडली. बहात्तरच्या पानाला टाळ्या मिळाल्या. कोऱ्या चौकोनाखालचं नाव वाचून पुढच्या रांगेतली दोन म्हातारी माणसं उठून बाहेर गेली. बन्सी बसून राहिला. त्याच्या एका अंगाची खुर्ची रिकामी होती. काष्टीचे श्रीमंत येणार होते, ते आलेच नाहीत.

कार्यक्रम आटोपून भारती सेंटरवर परतली. पान उघडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. बारा वाजले, आणि तिने ते उघडलं.

बाबा होते. भीमाचं नाव होतं.

त्याच्या पलीकडची जागा...

वसतिगृहाने दिलेल्या बहात्तरच्या मुलांच्या यादीतून तिने काष्टीचा नंबर शोधला. घंटी बराच वेळ वाजत राहिली. मग एका बाईने फोन उचलला. श्रीमंत घरी आहेत का, असं भारतीने विचारलं.

"न्हाईत ओ," बाई म्हणाली. "पाटंच्या यष्टीनं नगरला गेले, कार्यक्रमाला. आन संगं काय न्यावं? कळशी. कळशी घिऊन यष्टीत कोन बसतं, तुमीच सांगा."

भारतीने फोन ठेवला. यादी तिच्या हातातच होती.

तिच्यात श्रीमंतांच्या खाली आणखी तीन नंबर होते.