सुनिताची अर्धी गोष्ट

सरका रे जवळ. धडगावच्या मिथुनवर आलेली वेळ सांगतो, तो फोटो स्टुडिओवाला. त्याला थाप मारणं जमत नाही, म्हणून तर धंदा असा रडतखडत चालतो. गेल्या वर्षीची, होळीच्या दुसऱ्या रात्रीची ही गोष्ट.

त्या संध्याकाळी डोंगरसिंग दुकानात आला. पाड्यावरचा, ऊसतोडीला गुजरातेत जाणारा. हातात बॅटरी फुगलेला जुना फोन. "मिथुनभाऊ, हाऊ फोन मरी ऱ्हायना. यामा मन्ही सुनितानी गोष्ट शे. वाचाडी दे." म्हणजे, वाचवून दे.

सुनिता त्याची बायको. तो तिकडे तोडीवर असला की रोज रात्री ती फोनवरून त्याला पावरीत, त्यांच्या घरच्या बोलीत, गोष्ट सांगायची आणि तो 'हूं, हूं' करत हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो, हे तुम्हाला काय सांगायचं! एकदा दिवसभर कोयता चालवून दमलेला डोंगरसिंग गोष्ट अर्ध्यात असतानाच झोपला. त्याच पहाटे तिला साप चावला. तो घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. फोनात त्या रात्रीचं तेवढं बोलणं आपोआप रेकॉर्ड झालेलं. बिचारा कित्येक वर्षं तेवढ्याच जागेपर्यंत ऐकत आला. गोष्टीत पुढे काय झालं, हे विचारायला माणूसच उरलं नव्हतं.

त्या जुन्या फोनची फाइल नव्या फोनात उघडत नव्हती. मिथुननं ती पुढेही टिकेल अशा साध्या वेव्ह फाइलमध्ये बदलून घेतली. बदललेली फाइल शेवटपर्यंत ऐकून तपासायची, ही त्याची सवय. साडेअकराला शटर अर्धं ओढून त्यानं हेडफोन लावला. धडगावात इतकी वर्षं काढल्यावर पावरी त्याला चांगली कळत होती.

हरवलेल्या जोडीदाराला शोधत मैना निघाली. "हूं." नर्मदेच्या काठावर आली. "हूं." पाणी चढलेलं होतं...

मग नुसतं घोरणं.

"ऐकतोस ना?" सुनिता म्हणाली.

इथे फाइल संपायला हवी होती.

संपली नाही.

घोरणं थांबलं. शांतता... बाईचा श्वास... मिथुननं बंद करून पाहिलं. बंद होईना.

"ऐकतोस ना?"

आता अगदी कानाशी.

मिथुन घाबरला. पण खरं सांगू? भीतीपेक्षा त्याला तिची कीव आली. एवढी वर्षं बाई थांबून राहिली...

तो हळूच म्हणाला, "हूं."

आणि ती पुढे सांगू लागली.

सकाळी त्यानं डोंगरसिंगला फाइल ऐकवली. मैना पाणी ओलांडून गेली. जोडीदार भेटला. पुढच्या भागातही हुंकार होता, पण मिथुनचा नव्हे. डोंगरसिंगचाच.

"मी ते झोपी जायेल व्हतू..." एवढंच तो म्हणाला, आणि तिथेच बाकावर बसून हमसून हमसून रडला.

मिथुनच्या संगणकाला माइक नाही. मूळ फाइल आजही घोरण्यानंतरच्या पहिल्या 'ऐकतोस ना?'पाशीच संपते. नव्या फाइलीत गोष्टीनंतर थोडी शांतता आहे... आणि मग सुनिता म्हणते,

"झाली गोष्ट. आता नीज."