टॉवेलवरची वीट

अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी रोलर मागायला गेले होते, नवरा शोधायला नव्हे. हे आधीच सांगते, कारण आमच्या घरी कुणाला ते पटत नाही.

मी भूकंपांचा अभ्यास करते. फेब्रुवारीत तीन वर्षांसाठी जपानला निघायचं होतं. त्याआधी माझ्या जुन्या शाळेच्या प्रदर्शनात मुलांना भूकंप दाखवायचा होता, आणि त्यासाठी वीट, रबर आणि एका गतीनं ओढणारं काहीतरी हवं होतं. टॉवेलच्या एका कारखान्यातला जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा सयाजी, हात पुसत पुढे आला. त्याच्या पापण्यांवर रुई बसली होती. मी जरा जास्तच वेळ पाहिलं... आणि ते त्याला कळलं.

"नुसत्या रोलरनं काय हुतंय?" तो म्हणाला. "जोडून देतो की."

त्यानं फळीवर कोरा टॉवेल ताणून बसवला, वर वीट ठेवली, विटेला रबर बांधून ते रोलरला जोडलं. रोलर संथ फिरू लागला. रबर ताणत गेलं, वीट हलेना. मग एकदम वीतभर पुढे!

मी त्याला सांगितलं, समुद्राखाली असंच होतं. जमिनीचा प्रचंड थर दुसऱ्याखाली सरकताना अडकतो, ताण साठत जातो आणि कधीतरी सुटतो. जगातले सगळ्यात मोठे भूकंप तिथलेच.

"मग आता कवा सुटंल, सांगा. हरंल त्यानं चहा पाजायचा."

मीच हरले. प्रदर्शन झालं, मी रोलर परत करायला गेले, त्यानं तो पुन्हा जोडला, आणि मग मी रोज संध्याकाळी हरायला जाऊ लागले. रोलरची गती तीच, पण वीट कधी पटकन सुटे, कधी हटून बसे. मी सरासरी काढली, तीही फसली. दर झटक्याला टॉवेलवरचे धाग्यांचे उभे फासे दबत, त्यामुळे मागचा हिशेब पुढे लागूच होत नसे.

"एवढं शिकून बी कळत न्हाय व्हय?" त्यानं हसत विचारलं.

मला जरा राग आला. "इथे वीट तासात दहादा सुटते. तिथे एकदा सुटायला शेकडो वर्षं लागतात, आणि आमची यंत्रं कालपरवाची. शिवाय छोटा धक्का आणि मोठा धक्का, सुरुवात सारखीच वाटते. कुठे थांबेल, ते आधी कळत नाही."

त्यानं वीट उचलून पुन्हा मागे ठेवली.

मला तो आवडत होता. फार आवडत होता. पण मी पडले अभ्यासक, आधी खूण दिसू दे म्हणून थांबले होते. एकदा त्यानं माझ्या खांद्यावरची रुई हलकेच टिपली, तेव्हा वाटलं, आता बोलेल. नंतर आठवडाभर तो फक्त विटेबद्दल बोलला.

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठली. माझी शेवटची संध्याकाळ आली. तो रबर गुंडाळत होता.

"थंडी लई असंल तितं," तो म्हणाला.

"असते."

"चादर देतो एक. आपल्याच मागावरची..."

बरं, म्हटलं. एवढ्यावर थांबणार, असंच मला वाटलं. पण तो थांबला नाही.

"गावाकडं, मंद्रूपला, आईला सांगून आलोय. म्हणलं, माझ्यासाठी स्थळं बघू नगंस. ती बाई परत येस्तवर मी थांबणार हाय... मग ती हो म्हणू दे, न्हायतर न्हाय." त्याचे कान लाल झाले होते. "तुमाला चालंल का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही. मी त्याचा हात धरला.

"चालेल," मी म्हटलं. "पुन्हा मीच हरले. चहा पाजते."

मोठ्या धक्क्यानंतर लहान धक्के येत राहतात, एवढं मात्र आम्ही खात्रीनं सांगतो. आता इथे जपानात, सेंदाईत, रोज संध्याकाळी माझा फोन वाजतो. पलीकडून माग ऐकू येतात, आणि तो आधी थंडीचंच विचारतो.