सहाव्या बटणाखालची पट्टी

हरतालिकेचं जागरण होतं. वाळूच्या पिंडीपुढे समई तेवत होती, फुगड्या घालून मुली दमल्या होत्या आणि बारा वाजायला अजून तासभर होता. निर्जळी उपवासात हाच एक तास फार लांबतो. तेव्हा त्यांच्यातल्या रत्नप्रभेने शेजारच्या अंबादासकाकांना गळ घातली, "काका, भुताची सांगा ना. पण खरी हं!"

काका दाराशी खुर्ची टाकून बसले होते. आरे कॉलनीत डेअरीची नोकरी संपवून ते आमच्या बोरिवलीच्या इमारतीत राहायला आले. उगीच काही बोलणारा माणूस नव्हे.

"भूत म्हणू नकोस गं," ते म्हणाले. "ती बाई तुमच्यासारखीच आजचा उपास धरणारी होती. आधी ऐक, मग काय म्हणायचं ते म्हण."

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

काम साधंच होतं. सन शहाऐंशी, म्हणजे तीनच वर्षं झाली. हरतालिका शनिवारी आली होती. दुपारी चारला जोगेश्वरीच्या भिकाजी माइकवाल्याने श्यामसुंदरला सांगितलं, "मिक्सर घे, पाच माइक घे, रिक्षा कर आणि आरेला जा. क्वार्टरच्या हॉलमध्ये बायकांचं जागरण आहे."

श्यामसुंदर माझ्या मावसभावाचा मुलगा. बावीस वर्षांचा. मीच त्याला भिकाजीच्या हाताखाली चिकटवला होता. दोन वर्षं नुसत्या वायरी गुंडाळत होता बिचारा. आता मिक्सर म्हणजे काय, तर गाणारीचा, पेटीचा, ढोलकीचा, सगळे माइक त्या एका डब्यात येतात. प्रत्येकाला एक बटण. कोणाला वर आणायचं, कोणाला खाली बसवायचं, ते त्या बटणावर. आणि मधे एक काटा. आवाज आला की काटा उठतो, आवाज थांबला की झोपतो. भिकाजी त्याला शिकवायचा, "कान आधी, हात मग. एकीला वर काढायचं तर दुसरीला जरा दाब. सगळ्यांनाच वर काढलंस तर कर्ण्यातून शिट्टी वाजणार."

"तुम्ही नाही येणार?" श्यामने विचारलं.

"उद्या गणपती. मला मांडव कोण बांधून देईल, तू? आज एकटा जा. नीट काढलंस तर दहाही दिवस मिक्सर तुझ्या हातात. वाट लावलीस तर जन्मभर वायरी गुंडाळ. आणि काय रे, जुन्या पट्ट्या काढल्यास ना?"

"काढल्या," श्याम म्हणाला.

खोटं बोलला.

कोणाचा माइक कुठला ते अंधारात कळावं म्हणून बटणाखाली पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहितात. कार्यक्रम संपला की पट्टी सोलून टाकायची, हा भिकाजीचा नेम. "नाव राहिलं की जागा राहते," म्हणायचा. श्यामने पाच काढल्या होत्या. सहाव्या बटणाखालची तशीच ठेवली होती. तिच्यावर त्याच्याच हाताने लिहिलेलं होतं... सरूबाई.

सरूबाई म्हणजे आमच्या क्वार्टरच्या भजनी मंडळाचा आवाज. वीस वर्षं हरतालिकेला मध्यरात्रीची आरती तिनेच उचलली. आधी दोनदा खाकरायची, बांगड्या मागे सारायची, मग सूर लावायची. चैत्रातल्या हळदीकुंकवाला भिकाजीने तिच्या एकटीचं बटण श्यामला सांभाळायला दिलं. त्याचं ते पहिलं बटण. पोराने आवाज असा धरला की म्हातारी खूश! अक्षर येत नव्हतं तिला. म्हणाली, "यातली मी कुठली रे?" श्यामने सहावं बटण दाखवलं, तशी तिने कुंकवात अंगठा बुडवून डब्याच्या कडेला उमटवला. अंगठ्यावर विळीने कापल्याचा आडवा वण होता. तो कुंकवात पांढरा उठला.

"हरतालिकेलाही मला तूच धर हां," म्हणाली.

"अहो बाई, मशीन आहे ते, देवाचा पाट नव्हे!" भिकाजी ओरडला आणि त्याने लगेच ओल्या फडक्याने ते पुसून काढलं.

आषाढात ती तापाने गेली. चार दिवसांत. हरतालिकेसाठी म्हणून राखलेली तिच्या नावाची पट्टी श्यामला आता सोलवेना.

तर त्या शनिवारी अंधार पडता पडता रिक्षा आरेच्या रस्त्याला लागली. पाऊस थांबला होता, झाडं ठिबकत होती. डबा मांडीवर. वाटेत दोनदा त्याला डब्यातून किणकिण ऐकू आली. माइक तर पायाशी पिशवीत होते. खड्डे आहेत, त्याने मनाला सांगितलं.

हॉलची किल्ली माझ्याकडे असायची. रात्री नऊनंतर बिबट्याच्या भीतीने तिथे कोणी बाहेर पडत नाही. चाळीस बायका आत आल्या आणि मी दार लावून घेतलं. पेटीवाली सोनूबाई श्यामला बघून म्हणाली, "भिकाजी कुठाय? आणि हे पोरगं? अरे, शिट्टी मारलीस ना, तर उपाशी पोटी शाप देईन हं!"

"आजी, उपाशी पोटी आशीर्वाद द्या ना, तो पण लागतो," श्याम म्हणाला. बायका हसल्या.

आणि खरंच सांगतो, पोर झकास चाललं होतं. पेटी वर येते, ढोलकी जरा बसते, शिट्टीचं नाव नाही. पण त्याला घोर होता बाराचा. मध्यरात्री रुईच्या पानावरचं तूप चाटायचं आणि मग आरती. ती आता सरूबाईच्या सुनेने उचलायची होती. सुहासिनीने. तिचा आवाज बारीक. तो आवाज चाळीसजणींच्या वर आणायचा आणि शिट्टीही येऊ द्यायची नाही. तिथे चुकला असता तर दोन वर्षं पाण्यात.

बाराला पाच कमी. बायका पानं घ्यायला उठल्या. श्यामने पाचही बटणं खाली आणली. काटा झोपला.

हॉल शांत झाला.

काटा हलला.

थोडासाच. उठला... पडला. श्यामने बटणं पुन्हा पाहिली. पाचही खाली. काटा परत उठला. आता पडेना.

राहिलं सहावं. तेही खालीच होतं. त्याला वायर नव्हती. त्याने डब्यामागे हात घालून चाचपलं. भोक रिकामं.

हेडफोनमध्ये एकेक माइक वेगळा ऐकता यायचा. त्याने हेडफोन कानाला लावला. सहावा.

आधी नुसती खरखर.

मग... कोणीतरी खाकरलं.

...

पुन्हा खाकरलं.

बांगड्या मागे सरल्या.

"धर रे पोरा..."

मी दाराशी होतो. श्यामने माझ्याकडे पाहिलं. हाताने खूण केली. मी जवळ गेलो. त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला. मला काही नाही ऐकू आलं. खरखर फक्त. पण काटा मी पाहिला. ह्या डोळ्यांनी.

श्यामचा हात मेन बटणाकडे गेला. बंद केलं की सुटला. पण मग जागरण मोडलं. आणि मिक्सरही गेला.

तेवढ्यात सुहासिनी माइकपुढे आली. तोंड उघडलं. सूर नाही. पुन्हा उघडलं.

"आईंची जागा आहे ही," ती म्हणाली. "मला नाही जमत हो..."

समई तडतडली.

श्यामचा हात मेन बटणावर. मला वाटलं, दाबतोय आता.

हात सरकला.

त्याने सुहासिनीचं बटण वर घेतलं. तिचा श्वास ऐकू आला. मग दुसऱ्या हाताने... सहावं. अगदी हळू. जसं कोणी झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण उचलतो तसं.

सुहासिनीने सूर लावला.

तिच्या बारीक आवाजाखाली... अजून एक आवाज होता. जाड. जुना.

सोनूबाईचा भाता क्षणभर थांबला. मग चालू झाला. सगळ्यांनी आरती धरली. चाळीस बायका. दोन कर्ण्यांतून दोन आवाज. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. सुहासिनीच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि सूर जराही हलत नव्हता.

शिट्टी वाजली नाही.

शेवटची टाळी पडली. काटा झोपला. नंतर रात्रभर फक्त पाचच आवाज. श्याम तेवढी रात्र माझा सदरा धरून बसला होता.

पहाटे पाचला भिकाजी दुधाच्या गाडीतून आला. सोनूबाई त्याला दारातच म्हणाली, "तुमचं पोर तयार आहे हो. काल त्याने धरलं म्हणून जागरण पार पडलं." बाकी काही नाही बोलली.

भिकाजीने डबा पाहिला. सहाव्या बटणावर त्याची नजर थांबली.

"खोटं बोललास."

श्यामने मान खाली घातली.

भिकाजीने डबा त्याच्यापुढे सरकवला. म्हणाला, "दहा दिवस मिक्सर तुझा. आता ती काढ. जाऊ दे तिला."

श्यामने हात जोडले. पट्टीचं टोक नखाने उचललं. चैत्रापासूनची पट्टी, घट्ट बसलेली. सावकाश सोलत गेला. स... रू... बाई...

पट्टीखाली, डब्याच्या पत्र्यावर, कुंकवाचा अंगठा होता.

मधे पांढरी आडवी रेघ.

भिकाजीच्या हातात फडकं होतं. ते त्याने खिशात घातलं.

मी वाकून त्याला बोट लावलं.

ओलं होतं.